शब्दाचा अर्थ आधी सांगणारा गणिती : अल-ख्वारिज्मी



आपल्या वऱ्हाडातील कोणत्याही गावी, मग ते अमरावती असो, अकोला असो, बाळापूर असो की अचलपूर, संध्याकाळच्या वेळी एखाद्या घरात डोकावून पाहा. दिव्याखाली दोन भावंडे गृहपाठ करीत बसलेली दिसतील. थोरली बहीण उर्दू शाळेत जाते, धाकटा भाऊ सेमी-इंग्रजी वर्गात. दोघांच्याही वहीत तीन-छेद-चार हा एकच अपूर्णांक आहे. बहीण वरच्या आकड्याला ‘शुमारकुनिंदा’ आणि खालच्याला ‘नसबनुमा’ म्हणते. भाऊ त्यांनाच ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ म्हणतो. शेजारचा मराठी शाळेतील मित्र ‘अंश’ आणि ‘छेद’ म्हणतो. वडिलांना विचारावे तर ते वरचा आणि खालचा एवढेच सांगून मोकळे होतात. आजोबा मात्र खाटेवर बसल्या बसल्या एका शब्दात उत्तर देतात : पाऊण.

आता विचार करा. पाऊण भाकर म्हणजे किती, हे या सर्वांनाच ठाऊक आहे. त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. तरीही परीक्षेत छेद समान करावयास सांगितले की मुलगा गप्प बसतो, घरी येऊन मला गणित येत नाही असे सांगतो, आणि आपणही ते लगेच मान्य करून टाकतो. मुलगी असेल तर आणखी लवकर मान्य करतो. दहावी कशीबशी पार पडते आणि विज्ञान शाखेचे नाव घरात पुन्हा निघत नाही. मुलाचे गणित अडले होते की नुसता शब्द अडला होता, याची चौकशी करण्याची तसदी कोणी घेत नाही.

म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत एका अशा पुरुषाचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे, ज्यांनी सुमारे १२०० वर्षांपूर्वी गणित शिकविताना आधी शब्दांचा अर्थ सांगितला आणि मग रीत सांगितली. त्यांचे नाव मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी. हे नाव आपण ऐकले नसेल असे वाटते काय? आपल्या खिशातील मोबाइल ज्या ‘अल्गोरिदम’वर चालतो तो शब्द त्यांच्याच नावाचा अपभ्रंश आहे, आणि शाळेतील ‘अल्जेब्रा’ हा शब्द त्यांच्याच ग्रंथाच्या नावातून निघाला आहे.

ख्वारिज्मी यांचा जन्म इसवी सन ७८० च्या सुमारास झाला असे मानतात. ख्वारिज्म हा प्रदेश आमू दर्या नदीच्या मुखाजवळचा. आज त्याचा काही भाग उझबेकिस्तानात तर काही तुर्कमेनिस्तानात मोडतो. त्यांच्या नावावरून त्यांचे घराणे या प्रदेशातील असावे, हे उघड आहे. १९८३ साली सोव्हिएत रशियाने त्यांच्या १२०० व्या जन्मवर्षानिमित्त टपाल तिकीट काढले होते, त्यावरून त्या देशांत त्यांचे नाव किती मानाने घेतात हे कळून येईल.

त्यांच्या बालपणाविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. पण त्यांच्या नावाबाबत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तबरी या विख्यात इतिहासकाराच्या ग्रंथात एके ठिकाणी ख्वारिज्मींच्या नावाला आणखी उपनामे जोडलेली आढळतात. त्यावरून ते बगदादजवळचे होते, त्यांचे घराणे मूळचे अग्निपूजकांचे होते, अशी अनुमाने पुष्कळ दिवस काढली गेली. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, नकलून घेणाऱ्याच्या हातून मधले ‘वाव’ हे एकच अक्षर, म्हणजे ‘आणि’ हा अर्थ देणारे अक्षर, गळून गेले असावे. तेथे दोन निराळ्या माणसांची नावे होती, ती एकाचीच होऊन बसली. विद्यार्थी मित्रांनो, एक अक्षर गळाले तर एका माणसाचे कूळ बदलते. मग गणिताच्या पुस्तकात एक शब्द ढिला पडला तर उत्तराचे काय होईल, हे तुम्हीच पाहा.

ख्वारिज्मींचे कर्तृत्व बहरले ते बगदाद येथे. हे शहर खलिफा मन्सूर याने ७६२ साली वसविले. खलिफा मामून याच्या कारकिर्दीत, म्हणजे ८१३ ते ८३३ या काळात, तेथील ‘बैतुल हिकमत’ ही विद्येची पेढीच होऊन राहिली होती. ग्रीक, सुरयानी, फारसी आणि संस्कृत या भाषांतील ग्रंथ अरबीत येत होते. मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी असे सर्व धर्मांचे विद्वान एकमेकांच्या शेजारी बसून काम करीत. ख्वारिज्मी याच विद्वन्मंडळात होते. सारा दिवस एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम चाललेले, म्हणजे नेमका शब्द सापडला नाही तर काय घोटाळे होतात हे त्यांनी जवळून पाहिले असणार.

आपल्या देशाशी त्यांचा संबंध येथूनच जुळतो. हिंदुस्थानातील ज्योतिषगणिताचे ज्ञान मन्सूरच्या काळातच बगदादला पोहोचले होते आणि ‘सिंदहिंद’ या नावाने अरबीत आले होते. सिद्धांत या शब्दाचेच ते रूप. त्याच परंपरेवर ख्वारिज्मींनी ग्रहगणिताची कोष्टके तयार केली. पुढे हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. नऊ अंक आणि दहावे शून्य, आणि अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते, ही आपल्याकडची रीत त्यांनी अरबी वाचकांना समजावून दिली. त्याचा मूळ अरबी मजकूर आज उरलेला नाही, लॅटिन रूपांतरे तेवढी उरली आहेत. त्या लॅटिन पुस्तकांच्या आरंभी त्यांचे नाव ‘अल्गोरिझ्मी’ असे येत असे. वाचणाऱ्यांना ते माणसाचे नाव न वाटता हिशेबाच्या रीतीचे नाव वाटू लागले, आणि त्यातूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द रूढ झाला.

शून्याचा प्रवासही असाच झाला. संस्कृत ‘शून्य’ म्हणजे रिकामे. अरबांनी त्याला आपल्या भाषेतील रिकामे या अर्थाचा ‘सिफ्र’ हा शब्द दिला. आपल्या उर्दू शाळेत मुले आजही ‘सिफर’ म्हणतात. तोच शब्द लॅटिन आणि इटालियनमधून जाऊन इंग्रजीत ‘झीरो’ झाला. तेव्हा मराठी मुलाचे शून्य, उर्दू मुलीचा सिफर आणि इंग्रजी शाळेतला झीरो ही एकाच घरची भावंडे आहेत. हे मुलांना एकदा सांगून पाहा, शब्दांची निम्मी भीती तेथेच निघून जाईल.

आता त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. त्याचे संक्षिप्त नाव ‘किताब अल-जब्र व अल-मुकाबला’. तो मामूनच्या कारकिर्दीत, ८२० च्या सुमारास लिहिला गेला. हा ग्रंथ कोणासाठी आहे हे ख्वारिज्मींनी प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. वारसाहक्काच्या वाटण्या, वसीयती, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे अशी लोकांची रोजची कामे सोपी व्हावीत, हा त्यांचा उद्देश होता.

ग्रंथाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. पहिल्या पानांवर उदाहरणे नाहीत. या हिशेबात तीन प्रकारच्या गोष्टी येतात, असे सांगून त्यांनी प्रत्येकीची व्याख्या दिली आहे. पहिली ‘जज्र’, म्हणजे मूळ, जे स्वतःलाच गुणले जाते ते. यालाच ते ‘शय’, म्हणजे वस्तू, असेही म्हणतात. आपल्या शाळेतला ‘क्ष’ तो हाच. दुसरी ‘माल’, म्हणजे त्या मुळाला त्यानेच गुणून येते ते, आपला वर्ग. तिसरी साधी संख्या, जिचा मुळाशी किंवा वर्गाशी संबंध नाही. एवढे पक्के झाल्यावर मग ते या तिघांची जुळणी करून समीकरणांचे सहा प्रकार सांगतात आणि प्रत्येकाची रीत देतात. संपूर्ण ग्रंथात आजच्यासारखे अधिक-उण्याचे चिन्ह नाही, क्ष नाही की बरोबरचे चिन्हही नाही. सारे काही शब्दांत आहे. जेथे शब्द हेच एकमेव साधन आहे, तेथे शब्द ढिला असून कसे चालेल?

आता ‘जब्र’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या बोलण्यात जब्र म्हणजे जुलूम, जबरदस्ती. मुकाबला म्हणजे सामना. त्यामुळे जुन्या उर्दू पुस्तकातले ‘जब्र-ओ-मुकाबला’ हे नाव ऐकले की मुलाला वाटावे, हे जुलूम आणि लढाईचे प्रकरण दिसते! वास्तविक अरबीत जब्र याचा एक जुना अर्थ आहे मोडलेले हाड बसविणे. स्पेनमध्ये हाडवैद्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत, ते याच शब्दावरून. आणि अपूर्णांकाला अरबीत ‘कस्र’ म्हणतात, उर्दू शाळेत ‘कसर’. कस्र म्हणजे मोडणे. एक शब्द मोडण्याचा, दुसरा सांधण्याचा.

समीकरणात हे सांधणे कसे होते? समजा, दोन वस्तू म्हणजे बारा उणे एक वस्तू, असे दिले आहे. उजवी बाजू मोडकी आहे, तिच्यातून एक वस्तू कमी झालेली आहे. ती एक वस्तू परत घालून बारा पुरते करा. पण तराजू समतोल राहिला पाहिजे, म्हणून डाव्या पारड्यातही एक वस्तू टाका. आता तीन वस्तू म्हणजे बारा, आणि एक वस्तू म्हणजे चार. हा झाला जब्र. दुसरे उदाहरण घ्या. पाच वस्तू आणि सहा हे तीन वस्तू आणि चौदा यांच्याबरोबर आहेत. दोन्ही पारड्यांत समान असलेल्या तीन वस्तू आणि सहा समोरासमोर ठेवून काढून टाका. दोन वस्तू म्हणजे आठ, एक वस्तू म्हणजे चार. हा झाला मुकाबला. अकोल्याच्या दाल मिलमध्ये पोती तोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट कागद-पेन्सिलीवाचून समजेल.

आता आपल्या वर्गांत हे कसे शिकविले जाते ते आठवा. तिकडे नेले की चिन्ह बदलते, एवढेच वाक्य पाठ करवून घेतात. कोणाला नेले, का नेले, चिन्ह कोणत्या जादूने बदलले, याचा पत्ता नसतो. परिणाम असा होतो की, तीन क्ष बरोबर बारा असे दिले की मुलगा तो तीन तिकडे नेतो, त्याचे वजा तीन करतो आणि क्ष बरोबर नऊ असे उत्तर लिहितो. गुरुजी लाल रेघ मारतात. पालकहो, त्या मुलाने आपण शिकविलेल्या वाक्याचे तंतोतंत पालन केले होते. चूक वाक्यात होती. दोन्ही बाजूंना तीनने भागा, असे म्हटले असते तर ही चूक झालीच नसती. वाक्य थोडे लांब झाले असते, इतकेच.

अशी ढिली वाक्ये आपल्याकडे पुष्कळ आहेत. दहाने गुणायचे तर पुढे शून्य लावा, असे सांगतात. मग मुलगा अडीचला, म्हणजे दोन दशांश चिन्ह पाचला, दहाने गुणून दोन दशांश चिन्ह पन्नास लिहितो आणि रक्कम होती तेथेच राहते. गुणाकार म्हणजे वाढ, असे सांगतात. मग निम्म्याला निम्म्याने गुणून पाव कसा आला, हे त्याला उमगत नाही. आपल्या आजीला मात्र निम्म्याचे निम्मे पाव हे पक्के माहीत असते. तिच्या वाक्यातील ‘चे’ हाच गुणाकार आहे, हे कोणी मुलाला दाखवीत नाही.

ख्वारिज्मी नुसती रीत सांगून थांबत नाहीत, ती खरी का आहे हे आकृती काढून दाखवितात. त्यांचे एक उदाहरण जगभर प्रसिद्ध आहे. एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून एकोणचाळीस होतात, तर मूळ किती? ते म्हणतात, वर्गाला खरोखरीचा चौरस समजा, जणू शेतातला एक चौरस वाफा. दहा मुळांचे दोन सारखे भाग करा आणि प्रत्येकी पाच रुंदीची पट्टी वाफ्याच्या दोन लगतच्या बाजूंना जोडा. आता एकूण क्षेत्र एकोणचाळीस झाले, पण एक कोपरा रिकामा राहिला. तो पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीसचा आहे. तो भरून काढा. सारा मोठा चौरस चौसष्टचा झाला, म्हणजे त्याची बाजू आठ. त्यातून पट्टीचे पाच वजा केले की मूळ तीन. पडताळा पाहा : तीनचा वर्ग नऊ, आणि दहा मुळे तीस, मिळून एकोणचाळीस. विद्यार्थी मित्रांनो, नववी-दहावीत ‘पूर्ण वर्ग पद्धत’ या नावाने जे तुम्ही घोकता ते हेच. कोपरा भरून चौरस पूर्ण केला म्हणून पूर्ण वर्ग. एकदा हे चित्र वहीत काढा, सूत्र विसरले तरी ते परत मिळविता येईल.

ख्वारिज्मी निर्दोष होते असे मात्र समजू नये. वरील उदाहरणाला उणे तेरा हेही एक उत्तर आहे. त्यांनी ते घेतले नाही, कारण ऋण संख्येला ते उत्तर मानीत नसत. शिवाय ‘माल’ हा त्यांचा शब्द व्याख्येत वर्ग या अर्थी आहे, पण पुढे काही उदाहरणांत तो नुसती अज्ञात रक्कम या अर्थानेही येतो, आणि वाचणारा क्षणभर थबकतो. व्याख्येबाबत इतक्या दक्ष माणसाच्या हातूनही शब्द असा निसटू शकतो, तर आपण किती सांभाळून राहावे!

त्यांच्या ग्रंथाचा फार मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्क यांच्या हिशेबांनी भरलेला आहे. कुरआनाने वारसांचे हिस्से अपूर्णांकांत सांगितले आहेत, आणि ते नीट वाटण्यासाठी गणित लागते. त्याच धर्तीचे एक साधे उदाहरण आपण घेऊ. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. सर्व देणी फिटल्यावर चोवीस लाख रुपयांची मिळकत उरली. पत्नीचा हिस्सा एक-अष्टमांश, म्हणजे तीन लाख. उरले एकवीस लाख. त्यात मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक, म्हणजे मुलाला चौदा लाख, मुलीला सात लाख.

आता मोहल्ल्यात हे कसे बोलले जाते ते ऐका. बायकोला आठवा, मुलीला अर्धा. हे शब्द चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. अर्धा कशाचा? सगळ्या मिळकतीचा अर्धा म्हणजे बारा लाख, भावाच्या हिश्श्याचा अर्धा म्हणजे सात लाख. आठवा कशाचा? अंत्यविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा जाता जे उरेल त्याचा. ‘कशाचा’ हा एक शब्द गाळला की घराघरांत तंटे उभे राहतात, आणि बहुतेक वेळा नुकसान होते ते त्या मुलीचे. अर्ध्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगत नाही, हिस्सा किती निघतो हे ती मांडून पाहत नाही, आणि समोर आलेल्या हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. पुढे तिने हक्क सोडावा की ठेवावा, हा तिचा प्रश्न. पण सही करण्यापूर्वी सात लाख हा आकडा तिला स्वतःला काढता आला पाहिजे. आपल्या मुलींना गणित कशाला हवे, असे जे विचारतात त्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

ख्वारिज्मी केवळ गणितीच नव्हते. ८३३ च्या सुमारास त्यांनी पृथ्वीच्या आकाराविषयीचा एक भूगोल-ग्रंथ तयार केला. त्यात २४०० हून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले आहेत. टॉलेमी या प्राचीन पंडिताने भूमध्य समुद्राची लांबी प्रमाणाबाहेर जास्त धरली होती, ती त्यांनी कमी करून वास्तवाच्या पुष्कळ जवळ आणली. थोरांनी लिहिले म्हणून ते तसेच स्वीकारावे, असा त्यांचा स्वभाव नव्हता.

मामूननंतरच्या खलिफांच्या काळातही ते हयात होते. ८४७ साली खलिफा वासिक आजारी पडला, तेव्हा दरबारी ज्योतिष्यांना पाचारण झाले. त्यांत ख्वारिज्मींचेही नाव तबरीने दिले आहे. या मंडळींनी खलिफाला आणखी पन्नास वर्षे आयुष्य आहे असे भाकीत केले, आणि तो दहा दिवसांतच वारला! ग्रहांचे गणित अचूक असले तरी त्यावरून माणसाचे आयुष्य काढता येत नाही, हाच यातून घ्यायचा बोध. त्यानंतर थोड्याच वर्षांत, ८५० च्या सुमारास ख्वारिज्मींचे निधन झाले असे मानतात.

त्यांचे ग्रंथ मात्र दूरवर गेले. ११२६ साली त्यांची कोष्टके आणि ११४५ साली बीजगणिताचा ग्रंथ लॅटिनमध्ये उतरला. १८३१ साली लंडनमध्ये तो मूळ अरबीसह इंग्रजीत छापला गेला. या प्रवासात शब्दांची जी ओढाताण झाली तिचा एक नमुना दिल्यावाचून राहवत नाही. भारतीय गणितात धनुष्याच्या दोरीवरून ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ असा शब्द होता. अरबांनी तो ‘जीब’ असा जसाच्या तसा घेतला. अरबीत स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून पुढच्या वाचकांनी तो ‘जैब’ असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याची घडी. आपण खिशाला जेब म्हणतो तो हाच शब्द. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले तेव्हा त्या घडीसाठी ‘सायनस’ हा शब्द वापरला गेला, आणि त्यातूनच दहावीच्या त्रिकोणमितीतील ‘साइन’ आले. धनुष्याची दोरी खिशात गेली आणि तेथेच राहिली! मुलाला साइन म्हणजे काय ते समजत नसेल तर तो मंदबुद्धी नाही, त्या शब्दातून मूळ अर्थच हरवलेला आहे.

याच वाटेने ज्ञान उलट दिशेनेही आले. आपल्या खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. त्यांच्या ‘लीलावती’चा आरंभही नाणी, वजने, मापे यांच्या परिभाषेनेच होतो. १५८७ साली अकबराच्या आज्ञेवरून फैजी याने ती फारसीत आणली. त्यांचे ‘बीजगणित’ शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी फारसीत उतरविले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबऱ्याचे शिल्पकार म्हणून ज्या अताउल्लांचे नाव सांगितले जाते ते हेच, असे मानतात. तेव्हा मराठी शाळेतील ‘बीजगणित’ आमचे नाही किंवा उर्दूतील ‘जज्र’ त्यांचा नाही, असे कोणी म्हणू नये. विद्वानांनी हे शब्द शतकानुशतके एकमेकांच्या अंगणात नेऊन लावले आहेत.

शब्दांचा हा प्रश्न आजही मिटलेला नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आल्यावर महाराष्ट्रभर मोठा वाद झाला, तो विधानसभेतही गाजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या २०२३ साली निवर्तल्या. वाद कोणत्या बाजूने मिटवावा हे आपण सुज्ञ आहात. पण अडचण खरी आहे. लिहिताना आपण आधी वीस लिहितो, बोलताना आधी एक म्हणतो. म्हणूनच लहान मूल त्रेसष्ट ऐकून छत्तीस लिहिते. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, उर्दूतला उनतीसही तसाच. त्या नावात वजाबाकी दडलेली आहे, हे मुलाला एकदा दाखविले तर पुरे. शब्द बदला किंवा ठेवा, पण त्याचा अर्थ सांगितल्यावाचून पुढे जाऊ नका.

मग आपण काय करावे? पालकांनी एवढेच करावे. मुलाने चूक केली की उत्तर विचारण्यापूर्वी शब्दाचा अर्थ विचारावा. छेद म्हणजे काय रे? नसबनुमा म्हणजे काय गं? त्याला घरच्या बोलीत सांगू द्यावे, वऱ्हाडीत सांगो की आपल्या घरच्या उर्दूत. एका भाकरीचे चार सारखे तुकडे केले आणि त्यातले तीन घेतले, चार हा छेद आणि तीन हा अंश, इतके त्याला सांगता आले तर गणित त्याचे झाले. मग त्याला तिन्ही भाषांतील नावे शेजारी शेजारी एका वहीत लिहावयास सांगावीत. आजोबा घरात असतील तर त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी ऐकवावी. निमकीतला ‘नीम’ हा फारसी शब्द आहे, हेही त्याला सांगावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वर्गात एक प्रश्न विचारण्याची लाज सोडा. सर, या शब्दाचा अर्थ काय? बाई, हे अर्धे कशाचे? असे विचारणारा मुलगा मागे पडलेला नसतो. बगदादच्या त्या थोर गणितज्ञाने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर याच प्रश्नाचे उत्तर आधी देऊन ठेवले होते. तुमच्या पुस्तकात ते नसेल तर विचारून घ्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.